कढईतल्या सात साड्या

भाद्रपद सरत आला की आमच्या गल्लीतून वर बघत चालावं लागतं. कठड्याकठड्यावरून गोधड्या लोंबत असतात आणि त्यांचं पाणी नेम धरल्यासारखं खालच्या माणसाच्या मानेत पडतं. काल माझ्या पडलं. मी तिथंच थांबून वर ओरडले, "कुणाची आहे ही गोधडी?"

वरून शेजारच्या काकूंचा आवाज आला, "तुझ्याच आईची हाय! दसरा काढायलोत आम्ही. तू आत्ता उगवलीस व्हय?"

दसरा काढणं म्हणजे काय, हे पुण्यातल्या मैत्रिणींना मला दर वर्षी नव्यानं सांगावं लागतं. त्यांना वाटतं मिरवणूक वगैरे काढत असतील. नवरात्राच्या आधी घर उलटं करून धुवायचं, त्याला आमच्याकडे दसरा काढणं म्हणतात. माळ्यावरची पातेली, फळीवरचे डबे, पडदे, पायपुसणी आणि मुख्य म्हणजे घरातली एकूण एक गोधडी. भाजीच्या गाड्यावर, दवाखान्याच्या रांगेत, शेअर रिक्षात बायका एकमेकींना आधी हेच विचारतात, "निघाला का दसरा?" समोरची कमरेवर हात ठेवून म्हणते, "कुठला निघतोय माय, अजून गोधड्याच ऱ्हायल्यात."

आमच्या घरात घट बसत नाहीत. आम्ही बौद्ध. तरी दसरा दर वर्षी निघतो. लहानपणी मी आईला याचं कारण विचारलं होतं, तेव्हा ती माळ्यावर कमरेपर्यंत आत शिरलेली होती. आतूनच म्हणाली, "धूळ काय धरम विचारून बसती का? धर ही परात."

मला हा ऋतू मनापासून आवडतो. पाऊस जवळजवळ संपलेला असतो आणि ऊन असं पडतं की सकाळी धुतलेली चादर दुपारी पापडासारखी वाजते. फुलंब्रीकडून झेंडूचे टेम्पो यायला लागतात. ओल्या गोधडीचा एक वास असतो, जुन्या कापसाचा, उन्हाचा आणि खोटं कशाला बोलू, घरातल्या कुठल्यातरी पोराच्या मुताचाही. तो वास आला की मला बरं वाटतं. आणि त्याच वासानं माझी मान थोडी खालीही जाते, कारण तीन वर्षांपूर्वी याच दिवसांत मी सात बायकांच्या पांढऱ्या साड्या बिघडवल्या होत्या. चांगल्या हेतूनं, पूर्ण आत्मविश्वासानं आणि स्वतःच्या हातानं.

मी तेव्हा चोवीस वर्षांची होते आणि मला सगळं कळत होतं. पाच-सहा जणांचा आमचा एक गट होता, पाण्यावर आणि कचऱ्यावर काम करणारा. त्यात पत्रकं लिहायचं काम माझ्याकडे. पत्रकाचं एक वळण हाताला लागतं. वाक्य आखूड हवं, क्रियापदानं हुकूम सोडला पाहिजे आणि शेवटी उद्गारचिन्ह. "पावडर सोडा! रिठा वापरा! खाम वाचवा!" हे माझंच. आमच्या शहरातून वाहणाऱ्या खाम नदीच्या पुलावर उभं राहून मी खालचा पांढरा फेस बघितला होता आणि रागानं माझे कान तापले होते. तो राग खोटा नव्हता. आजही पुलावरून जाताना तापतात.

जाहिरातीतली बाई डोळ्यांपुढं आणा. ती बादलीत हात घालते आणि हसते. नवऱ्याचा शर्ट झगमगतो, ती अजून हसते. तिच्या हाताला एक भेग नसते. माझी आई तेव्हा चार घरची धुणी करायची. तिच्या तळहाताकडे बघून उन्हाळ्यातलं शेत आठवावं, इतक्या भेगा होत्या. रात्री ती त्यांत तेल भरायची आणि सकाळी पुन्हा त्याच पावडरच्या पाण्यात हात घालायची. मग मी चिडू नको तर काय करू?

आणि पाणी! आमच्या शहरात नळाला पाणी येणं ही बातमी असते. लोक नातेवाइकांना फोन करून विचारतात, "तुमच्याकडं आलं का?" अशा गावात पावडरचे कपडे तीन-तीन पाण्यांतून काढायचे, ही मला चैन वाटायची. रिठ्याचे कपडे एका पाण्यात निघतात, आणि ते पाणी झाडाला घातलं तरी झाड तक्रार करत नाही. हे मी घरोघरी सांगत फिरत होते. आता हसू येतं. धुण्याचं शेवटचं पाणी पुढच्या धुण्याला पहिलं म्हणून वापरायचं, मग त्यानं ओटा धुवायचा, मग संडासात टाकायचं, हे आमच्या गल्लीतल्या बायका मी जन्मायच्या आधीपासून करत होत्या. त्यांना कुणी पर्यावरण सांगितलं नव्हतं. पाणी नव्हतं म्हणून करत होत्या. आणि मी त्यांनाच हातात कागद देऊन सांगत होते, "पाणी जपून वापरा!" उद्गारचिन्हासकट.

आमच्या विहारात बायकांचं एक मंडळ आहे. त्या सात जणींत आई आहे आणि गयामावशी आहेत. मावशी माझ्या सख्ख्या नव्हेत, सगळ्या गल्लीच्या मावशी. वय साठीचं. जन्म झाडू मारण्यात गेला. आधी एका कारखान्यात, मग आपणहून विहारात. त्यांना वाचता येत नाही. पण झाडता झाडता, पुढं बसलेल्यांची वंदना ऐकून ऐकून त्यांना ती अथपासून इतिपर्यंत पाठ झाली होती. झाडू चालू असला की मावशींचे ओठ चालू असायचे. बारीक आवाजात, झाडूच्या तालावर.

त्या वर्षी मंडळानं ठरवलं की दसऱ्याला, म्हणजे धम्मदीक्षेच्या दिवशी, वंदना गयामावशी सांगतील. माईकपुढं उभ्या राहून. आणि बाकी सगळं विहार त्यांच्यामागून म्हणेल. इतकी वर्षं ज्या शेवटच्या ओळीत भिंतीला टेकून बसल्या, त्या मावशी. आधी त्या नाही म्हणाल्या, मग हसल्या, मग दोन दिवस कुणाशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी येऊन आईला म्हणाल्या, "सांगते मी. पर पुढं उभं ऱ्हायचं तर पांढऱ्यातच. रंगीत पातळ नेसून मी तिथं जायची नाय."

पांढरी साडी आमच्याकडे प्रत्येकीची एकच असते. वर्षातून दोन-तीन दिवस नेसायची आणि उरलेले दिवस कापडात गुंडाळून पेटीत ठेवायची. दसरा काढताना या साड्या सगळ्यात शेवटी धुतात, दोन दिवस आधी, म्हणजे त्या दिवसापर्यंत कडक राहतात.

आणि तिथं मी कडमडले.

मंडळाच्या बैठकीत मी उभी राहिले आणि म्हणाले, "या वर्षी सातही साड्या मी धुणार. रिठ्यानं. तुम्ही फक्त बघायचं. पांढऱ्याला पावडर लागतच नाही, हे मी सिद्ध करून दाखवते."

"सिद्ध कशाला करायलीस?" गयामावशी म्हणाल्या. "आम्ही कुठं नाय म्हनलं?"

"मावशी, लोकांना डोळ्यांनी दिसलं पाहिजे."

"बरं, दिसू दे," त्या म्हणाल्या. पण साडी देताना त्यांचा हात जरा वेळ तिच्यावरच राहिला. "एकच हाय बरं का, स्नेहे."

रिठे मी शहागंजच्या बाजारातून आणले. फोडले, बिया काढल्या, सालं उकळली. तपकिरी पाणी, वर दुधावर येतो तसा फेस. विहाराच्या अंगणात मी नुसती मिरवत होते. सात साड्या भिजवायला मोठं भांडं हवं होतं. मावशींनी घरून प्लास्टिकचा टब आणला, निळा, मोठा, धुऊन पुसून.

मी म्हणाले, "प्लास्टिक नको."

"अगं, सोच्छ हाय तो."

"स्वच्छतेचा प्रश्न नाही, मावशी. तत्त्वाचा आहे. ज्या पत्रकात प्लास्टिक टाळा म्हटलंय, त्याच्याच कार्यक्रमात प्लास्टिकचा टब?"

मावशींनी टब उचलला आणि घरी नेऊन ठेवला. त्यांची ती पाठमोरी चाल मला अजून दिसते. मी मग जयंतीच्या जेवणाची मोठी लोखंडी कढई कोठीतून बाहेर ओढली. घासूनबिसून घेतली. त्यात कढत रिठ्याचं पाणी ओतलं, संध्याकाळी साड्या बुडवल्या, वर ताट झाकलं आणि फोटो काढून गटात पाठवला.

सकाळी ताट उचललं. पाणी काळं होतं.

साड्या बाहेर काढून अंगणातल्या दोरीवर टाकल्या. जिथं जिथं घडी कढईला टेकली होती तिथं तिथं काळेनिळे ढग उठले होते, कडेला विरत गेलेले, मध्ये गडद. बाकीचं कापड पावसाळी आभाळाच्या रंगाचं. सात साड्यांत एकही सुटली नव्हती. गयामावशींची सगळ्यात खाली होती. तिचा पदर आणि निऱ्यांचा सगळा भाग कढईच्या बुडाला चिकटून बसलेला.

मग मी काय केलं असेल? जिनं गावभर रसायनांच्या विरुद्ध कागद वाटले होते, ती मी दुकान उघडायच्या आत किराणावाल्याच्या दारात ब्लीचच्या बाटलीसाठी उभी होते. बाटली घेऊन पळत आले. आईनं अंगणातच मनगट धरलं.

"काय हाय ते?"

"ब्लीच. सोड, आई. मावशी यायच्या आत निघेल."

"तुला ठावं हाय का काय होतं त्यानं? नाय ना? मग ठेव खाली. एकदा न विचारता केलंस, तेवढं बास."

तोवर मावशी आल्या. त्या झाडायला रोजच्या वेळेलाच आल्या होत्या. त्यांनी दोरीकडं बघितलं. जवळ गेल्या, आपली साडी ओळखली, पदर दोन बोटांत धरला आणि सोडला. मी बोलायला लागले, की मी नवी आणते, आजच आणते, चांगल्यातली आणते.

"तुझ्या चुकीची साडी मी नेसू व्हय?" त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "ऱ्हाऊ दे. मी मागंच बसन. बसायची सवय हाय मला."

आणि त्यांनी झाडू उचलला. अंगण झाडलं, पायऱ्या झाडल्या, आतली फरशी झाडली. नुसत्या झाडूचा आवाज येत होता. ओठ बंद होते.

आजवर मी पुष्कळ बोलणी खाल्ली आहेत. कार्यालयांच्या दारात ताटकळले, लोकांनी माझ्यासमोर पत्रकाचा बोळा केला, एकानं त्यात भजी बांधून दिली. त्या मुक्या झाडण्याइतकं काहीच लागलं नाही.

आई म्हणाली, "आता रडायला बसू नको. शहागंजात चांदबी हाय, तिला दाखव आधी."

चांदबी खाला रफूवाल्यांच्या घरातल्या. नवरा फाटक्या शालींना रफू करायचा आणि या डाग काढायच्या. जुनी हिमरू शाल असो की लग्नातला शेला, तेलाचा, हळदीचा, गंजाचा, कसलाही डाग त्यांच्याकडे यायचा. आई जिथं धुणी करायची तिथल्या एका बाईंची शाल घेऊन पूर्वी त्यांच्याकडे गेली होती. मी गयामावशींची साडी पिशवीत घातली आणि गेले. दुकान म्हणजे जिन्याखालची दोन माणसांची जागा. साडी काढताना पिशवीतून दोन पत्रकंही खाली पडली. खालांनी आधी ती उचलली, चष्मा लावून वाचली, मग साडी उन्हात धरली.

"कशात भिजवलीस?"

"रिठ्यात."

"रिठ्यानं असं होत नाय. भांडं कसलं?"

"लोखंडी."

त्यांनी चष्मा काढला. "या अल्ला. बेटा, रिठा आन् लोखंड? ये धुलाई नई की तूने. ही शाई केलीस, शाई! असल्या सालीच्या पाण्यात लोखंड घालूनच बनायची जुनी शाई. याच्यातच तुझी पत्रकं छापून घे, काळी कुळकुळीत निघतील."

आतून खालांचे मिया हसले. मलाही हसू फुटलं आणि त्या हसण्यातच रडू. खालांनी मला रडू दिलं, म्हणजे थोडा वेळ दिलं. मग म्हणाल्या, "बस की आता. ब्लीच तर नाय ना टाकलंस?"

"टाकणार होते. आईनं टाकू दिलं नाही."

"अम्मी के पाँव छू जाके. टाकलं असतंस तर पिवळं बसलं असतं कायमचं. मग काय, सातही साड्यांची पायपुसणी."

"निघेल का, खाला?"

"ऊन असलं तर निघंल. मी नाय काढत, ऊन काढतं. मी फकत लिंबू लावते." मग पिशवी पुढं करून, "चौकातल्या सरबतवाल्याकडं जा. पिळलेल्या फोडी माग. रसाची लिंबं नक्को आणू, उगं वाया. फोडीत असतो तेवढा बहुत हाय. आन् खडेमीठ घे."

सरबतवाल्यानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "कचरा मागायलीस, ताई?" पण दोन पिशव्या भरून दिल्या, आणि मी वळले तेव्हा मागून ओरडला, "उद्या पन ये, उद्या लई निघतील!"

खाला स्वतः आल्या. मी बोलावलं नव्हतं. "सात साड्या तू एकटी बघितल्यास तर आठवी खराब करशील," म्हणाल्या आणि रिक्षात बसल्या.

विहाराच्या गच्चीवर आम्ही साड्या अंथरल्या. मंडळातल्या बायका एकेक करून वर आल्या. मला वाटलं, आता निघणार माझी खरडपट्टी. एकीनं पदर खोचला आणि विचारलं, "कसं करायचं, खाला?"

"घासायचं नाय. घासलं की आत जातं. फोडीवर मीठ घ्यायचं, डागावर दाबायचं, आन् ऱ्हाऊ द्यायचं. सुकलं की परत."

ऐन दुपारचं ऊन. गच्ची तापलेली, पायाखाली पोती ओली करून टाकलेली. सात-आठ बायका डोक्यावर पदर घेऊन साड्यांभोवती बसल्या आणि लिंबाच्या पिळलेल्या फोडी डागांवर दाबत राहिल्या. माझ्या बोटांची आग व्हायला लागली. मी फुंकर घालताना बघून आई म्हणाली, "झोंबतंय का?"

"थोडं."

"मग आमचे भेगांचे हात बघ." तिनं तळवा पुढं केला आणि परत कामाला लागली. जरा वेळानं, मान वर न करता, "तुझ्या त्या कागदावर लिवलंय, अर्धा तास भिजवा, हलक्या हातानं चोळा. कुणाचा हात ते नाय लिवलं. त्या कोपऱ्यावरच्या बंगल्यातल्या बाईंनी तुझा कागद वाचून मला रिठे आनून दिले. तिचं घर सुधारलं. माझा तास वाढला."

"मग तू बोलली का नाहीस मला?"

"तू विचारलंस का? तू तर सांगत व्हतीस."

बायका हसल्या. खाला सगळ्यात मोठ्यानं. "मार खाया रे मेरा बच्चा!" मी पण हसले, कारण दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. पण ती गोष्ट माझ्यात जी रुतली ती कुठल्याही लिंबानं निघाली नाही, आणि निघूही नये.

तिसऱ्या प्रहरी दौलताबादच्या बाजूनं ढग आले. परतीचा पाऊस आमच्याकडे असाच येतो, सगळं वाळत घातलेलं बघून. आम्ही पळापळ करून साड्या गोळा केल्या आणि जिन्यात उभ्या राहिलो, प्रत्येकीच्या हातात एक ओला गठ्ठा. पाच-दहा थेंब पडले. खालांनी आभाळाकडं बघून हात जोडल्यासारखे केले आणि कुणालातरी चांगली दटावणी दिली, दख्खनीत, भरभर. ढग पुढं गेला. पण ऊनही गेलं. डाग फिकट झाले होते, गेले नव्हते. पदराचा तो मोठा ढग अजून स्पष्ट दिसत होता. उद्याचा एकच दिवस हातात होता.

जिना उतरताना आम्ही गयामावशींसमोरून गेलो. त्या पायरीवर बसून वाती वळत होत्या.

आज मागं वळून बघताना मला त्या बायकांचं खरंच नवल वाटतं. त्यांना हक्क होता. वर्षातून दोन-तीनदा नेसायची एकुलती एक साडी, ती एका पोरीनं हट्टानं नासवली. त्या मला बैठकीत उभं करू शकल्या असत्या. मी असते तर केलं असतं. मी तर पत्रकच काढलं असतं, नाव घालून. त्यांनी फोड उचलली आणि डागावर ठेवली. आमच्या चळवळीत आम्ही चुका दाखवायला शिकतो, आणि ते शिकलंच पाहिजे. पण दुसऱ्याची चूक त्याच्या शेजारी बसून कशी काढायची, हे मी त्या गच्चीवर पाहिलं. पत्रकात आभार मानायला जागा नसते. म्हणून इथं मानते आहे. आईचे, त्या पाचही जणींचे, सरबतवाल्याचे, आणि चांदबी खालांचे, ज्यांनी दोन दिवस दुकान नवऱ्यावर टाकलं आणि जाताना माझ्याकडून फक्त दोन पत्रकं मागून घेतली, "पुड्या बांधायला."

माझी पत्रकं आता लांब झाली आहेत. गटातला सहकारी म्हणतो, एवढं कोण वाचतं? नका वाचू. पण त्यांत लिहिलेलं असतं की रिठा लोखंडात भिजवू नका, स्टील, पितळ, मातीचं भांडं घ्या, घरात प्लास्टिकचा टब असेल तर तोच वापरा, नवीन काही आणू नका. सगळ्यात वर लिहिलेलं असतं की ज्याचे कपडे त्यानं धुवावेत, आणि दुसऱ्या बाईकडून धुऊन घेत असाल तर तिचा वाढलेला वेळ तिला विचारा. हे कागद मी आता आमच्या गल्लीत वाटत नाही. बंगल्यांच्या आणि सोसायट्यांच्या दारांत वाटते, जिथं मशीन रोज दोनदा फिरतं आणि फेस नळीतून थेट नाल्यात जातो. तिथले पहारेकरी मला हाकलतात. मी परत जाते. राग गेलेला नाही, जाऊही नये. फक्त तो आता बरोबर दारावर जातो, एवढी माझी सुधारणा.

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं. काय पडलं म्हणून सांगू! सकाळी आठला गच्चीवर पाय ठरत नव्हता. सरबतवाल्यानं खरंच जास्त फोडी ठेवल्या होत्या. आम्ही चार वेळा लिंबू लावलं, चार वेळा वाळू दिलं, आणि दुपारी खालांनी साडी उचलून पहिल्या साध्या पाण्यात बुडवली. पाणी करडं झालं. दुसऱ्या पाण्यात कमी. तिसरं पाणी नितळ राहिलं. पावडरला लागतात तेवढीच तीन पाणी, हे मनात आलं आणि मी ते मनातच ठेवलं.

सहा साड्या पांढऱ्या झाल्या. गयामावशींच्या साडीवर, पदराच्या आतल्या अंगाला, चहाचा घोट सांडावा एवढी एक पिवळसर छटा राहिली. खालांनी तिच्यावर पुन्हा फोड ठेवली, पुन्हा. मग म्हणाल्या, "अब बस. आणखी लावलं तर कापड खातं." साडी गच्चीच्या कठड्यापाशी बांधलेल्या दोरीवर गेली, वाऱ्यानं फुगली, परत पडली.

खाली झाडू चालू होता. मावशी झाडत झाडत अंगणात आल्या, दोरीखाली थांबल्या, वर बघितलं. ती छटा त्यांना दिसलीच असणार, त्यांची नजर घारीची. मावशींनी कमरेला खोचलेला पदर सारखा केला आणि पुन्हा झाडायला लागल्या. मग गच्चीवर, आमच्यापर्यंत, झाडूच्या तालावर, अगदी बारीक आवाजात वंदना यायला लागली.

आईनं माझ्याकडं बघितलं. खाला कुजबुजल्या, "क्या बोल रई?" मी सांगितलं, उद्याची तयारी करतायत. खालांनी मान डोलावली आणि उरलेल्या फोडी पिशवीत भरायला घेतल्या.

दसऱ्याच्या सकाळी विहार भरून बाहेर पायऱ्यांपर्यंत माणसं बसली होती. सगळं पांढरं. गयामावशी उठल्या, शेवटच्या ओळीतूनच, आणि माणसांमधून वाट काढत पुढं गेल्या. माईक त्यांच्यासाठी फार वर होता, कुणीतरी खाली केला. पहिल्या शब्दाला आवाज फुटलाच नाही. दुसऱ्यांदा आला तो झाडताना यायचा तेवढाच, बारीक. मग मंडळाच्या उरलेल्या सहा जणींच्या ओळीनं तो शब्द उचलला, मागच्यांनी त्यांच्याकडून उचलला, आणि तो परत पुढं गेला तेव्हा मावशींनी मान वर केली. पुढचं सगळं त्यांनी अशा आवाजात सांगितलं, जो त्यांना होता हे आम्हालाच ठाऊक नव्हतं. एकही अक्षर चुकलं नाही.

संपल्यावर बायकांनी त्यांना गराडा घातला. मी लांबच उभी होते. मावशींनी गर्दीतून हात लांब करून माझं मनगट धरलं आणि मला जवळ ओढलं. मला वाटलं, पदरातली ती छटा दाखवणार. त्यांनी माझा हात घेतला आणि आपल्या खांद्यावर, साडीवर ठेवला.

"हात लाव," त्या म्हणाल्या. "दर साली ही मला टोचायची, पावडरनं कडक व्हायची. आज बघ. पुढं उभी व्हते, तर अंगावर साडी हाय ते ध्यानातच नव्हतं माझ्या."